तरुणांच्या आत्महत्या रोखायच्या तर निधी कुठे द्यावा? गावात की दवाखान्यात?

पारावरचा:
जिल्हा नियोजनातून मानसिक आरोग्यासाठी पैसे मिळतील अशी आमच्याकडे चर्चा आहे, आणि पुढाऱ्यांना जिल्हा रुग्णालयात नवा कक्ष बांधायचाय. माझा विरोध आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात विद्यार्थी होते १३,०४४. यातली किती पोरं मानसोपचार विभागाची पायरी चढली असतील? रांगेत ओळखीचं कुणी दिसलं की पोरगं तिथूनच परत फिरतं.
अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, गरज लागली तर समुपदेशक, मग डॉक्टर. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. फरशी आणि रंगात पैसा घालण्यापेक्षा हे करा.

निवासी_डॉक्टर:
अर्धंच सांगितलंत. तिथे तुलनेला दुसरी गावं नव्हती, फक्त आधीची आणि नंतरची पाहणी होती. शिवाय ती सगळ्या प्रौढांची, खास कॉलेजच्या पोरांची नव्हे. गावातला माणूस ऐकून घेईल, चांगलंच आहे. पण एखाद्या पोरीला रात्रीच दाखल करायची वेळ आली तर? आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. धोका ओळखणारे शंभर आणि उपचार करणारा एकही नाही, हे जास्त भयंकर.

कापूसवाला:
दोघायचंही भलतीकडंच चाललं. पेपर फुटते, भरती रद्द होते, पोट्टं अठ्ठावीस वर्साचं होते, कापसाले भाव नाही. त्याले समुपदेशक काय सांगन? खोल श्वास घे?

पारावरचा:
भाऊ, भाव मिळेपर्यंत पोरांनी थांबायचं का? धोरणाने फरक पडतो हे मान्यच. दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैतच होऊ लागली, पोरांचं वर्ष वाचलं. पण दोन्ही एकदम करता येतं की.

गटप्रवर्तक_ताई:
"गावातलीच माणसं" म्हणजे शेवटी आम्हीच ना? सरकारच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशांना हेच काम दिलं होतं. सासरा समोर बाजेवर बसलेला असतो, तेव्हा सून काय सांगणार? "सगळं बरं आहे" लिहायचं आणि पुढचं घर गाठायचं. कॉलेजची पोरं तर दिवसा घरी सापडतच नाहीत. आम्हाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, तेही थकलेलं. आधी आमचे पैसे ठरवा, मग लोकसहभागाच्या गोष्टी करा.

पारावरचा:
ताई, माझंही तेच म्हणणं आहे. निधी म्हणजे माणसांचे पैसे.

कॉलेजमास्तर:
पोरं सापडतात ती कॉलेजात, म्हणून पैसा इथे द्या. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा. आमच्याकडे भूगोलाच्या सरांच्या नावाची पाटी लागली! अंतर्गत गुण तेच देतात, मग त्यांच्यापुढे कोण मन मोकळं करेल? 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आणि चोवीस तास चालू आहे, पण त्याचा कागद चिकटवलाय स्टाफरूमच्या आत.

निवासी_डॉक्टर:
कॉलेजात पगारी समुपदेशक, याला माझा पाठिंबा. पण 'विश्राम'मागे टाटा ट्रस्टचा पैसा होता. देणगीदार गेल्यावर पगार कोण देणार?

पारावरचा:
खरी गोम तिथेच आहे. नियोजनाचा निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. इमारतीचं बिल निघतं, पाच वर्षांच्या मानधनाचं निघत नाही. म्हणून कक्ष सुचतो, डॉक्टरांच्या प्रेमापोटी नव्हे. ग्रामसभांनी ठराव करून मानधनासाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबात खर्चाचं वेगळं खातं, मागावं.

कापूसवाला:
ठरावाले काय, घ्या. आमच्या ग्रामसभेत कोरमच होत नाही.

गटप्रवर्तक_ताई:
मार्च आला की जनजागृती रॅली आणि फ्लेक्स ठरलेलेच. या वेळी फ्लेक्स नको, आशांची थकबाकी द्या. ठरावात हेही लिहा, पहिली सही माझी.