मदत हवी आहे: पांढरे केस आणि ऑफिस

नमस्कार मंडळी. वय ५३, डोंबिवली ते फोर्ट रोजचा प्रवास. डायने कपाळभर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले डायमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी, डाय बंद! (बाजारातल्या काळ्या मेंदीतही बऱ्याचदा तेच असतं, हे तेव्हा कळलं.) आता भांगात दोन बोटं पांढरं दिसतं.

परवा तिशीतला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, क्लायंटसमोर जरा फ्रेश दिसायला हवं." आणि मीटिंगला दुसऱ्यालाच पाठवलं. फाईल मात्र माझीच!

खरं सांगू? गेल्या वर्षी एका नव्या मुलीच्या मनगटावरचा टॅटू बघून मीच नाक मुरडलं होतं. त्यामुळे बोलायला जीभ रेटत नाही.

आधी त्याच्याशीच बोलू की सरळ एचआरला मेल टाकू? आणि पीपीडी नसलेला डाय कोणी वापरलाय का?