आधी फायली, मग दुरुस्ती

तुमचा कॉम्प्युटर चालू होताना विंडोज लोगोपाशीच अडकतोय, म्हणून तुमच्या प्रश्नावर वर बहुतेकांनी फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला, सांगितलंय. कृपया एवढ्यात तसं करू नका. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्याच डिस्कवर आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग आधी ते बाहेर काढू या.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) डाउनलोड करून रूफस या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा, ८ जीबीचा पुरतो. तो लावून मशीन चालू करताना एफ१२ दाबत राहा (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नका, मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. विंडोजची डिस्क दिसली की यूजर्स फोल्डर उघडा आणि हवं ते एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. किल्ली मागितली तर ती बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप), ४८ आकडी. बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. आवाज नाही, पण कॉपी मध्येच अटकतेय, तर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत घ्या. ते चांगला भाग आधी वाचतं, खराब सेक्टर (डिस्कचे बिघडलेले तुकडे) नंतर. वर काहींनी सुचवलेलं चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) अशा डिस्कवर अजिबात चालवू नका. दुरुस्ती करताना ते फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद) जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि त्यात वाचवता आल्या असत्या अशा फायलीही जाऊ शकतात.

फोटो हाती आले, दोन-चार उघडून पाहिले, की मग खुशाल फॉरमॅट मारा.