मदत हवी आहे: विंडोजवर ४ जीबीपलीकडच्या फाइलची चाचणी, डिस्क न भरता

सी मध्ये लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेच्या इंटरप्रिटरवर काम करतोय. ३२-बिट बिल्डमध्येही तिचं फाइल मॉड्यूल मोठ्या फाइली नीट हाताळतं का, हे तपासायचं आहे.

लिनक्सवर अडचण नाही. ऑफसेट (फाइलमधल्या जागेचा आकडा) ६४-बिट करणारा मॅक्रो दिला, फाइलमध्ये हव्या जागी जाणाऱ्या आणि सध्याची जागा सांगणाऱ्या एफसीक-एफटेल या फंक्शन्सऐवजी एफसीको-एफटेलो घेतले. चाचणी २,१४,७४,८३,६४८ आणि ४,२९,४९,६७,२९६ या ३२-बिट आकड्याच्या (चिन्हासह आणि चिन्हाविना) सीमांच्या अलीकडे-पलीकडे एकेक बाइट लिहून परत वाचते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर फाइल स्पार्स होते, म्हणजे न लिहिलेला रिकामा भाग डिस्कवर साठवला जात नाही, त्यामुळे जागा जवळपास लागतच नाही.

गुंता विंडोजवर आहे. तिथे सी मधला लाँग हा पूर्णांक प्रकार ६४-बिट बिल्डमध्येही ३२-बिटचाच, म्हणून ६४-बिट ऑफसेट घेणारं _एफसीकआय६४ वापरलं, ते चालतं. पण एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमवर फाइल आपोआप स्पार्स होत नाही. बिल्ड सर्व्हरची डिस्क लहान आहे, ती वाढवून मिळणार नाही, आणि अ‍ॅडमिन हक्कही नाहीत. स्पार्स फाइल आधीच बनवून ठेवून उघडता येईल, पण मग नवी फाइल तयार करून वाढवण्याचा कोड तपासायचा राहतो. चाचणी वगळायची नाही: ऑफसेट ३२ बिटांत कापला गेला तर लिखाण फाइलच्या सुरुवातीला जाऊन पडतं आणि वापरणाऱ्याचा डेटा बिनबोभाट पुसला जातो.

आमच्या भाषेने नवी फाइल उघडून ठेवलेली असताना दुसऱ्या प्रोसेसमधून तिला एफएससीटीएल_सेट_स्पार्स (फाइल स्पार्स करण्याची विंडोजची आज्ञा) लावलं, तर आधीच्या हँडलवरून (उघड्या फाइलच्या संदर्भावरून) पुढे होणारं लिखाण स्पार्स होतं का? कोणी करून पाहिलंय का, आणि त्यासाठी फाइल उघडताना शेअरिंगचे कोणते पर्याय द्यावे लागतात?