[फ्लॅग फुटबॉल, हिवाळी लीग] आपोआप पडलेला फ्लॅग: रविवारच्या आधी ठरवा

प्रेषक: बाणेर कप्तान

नमस्कार मंडळी,
कोथरूडचा आमच्याविरुद्धचा तो शेवटचा टचडाउन अजून लटकलेला आहे आणि रविवारी उपांत्य फेरी. कोथरूडचे १९-१८ धरले तर आमच्याऐवजी सहकारनगर आत, ते सहा गुण काढले तर आम्ही. शुक्रवार रात्रीपर्यंत निकाल हवा.

प्रश्न एवढाच. बॉल हातात घेऊन धावणारीचा एक फ्लॅग (कमरेच्या पट्ट्याला लावतो ती पट्टी, बचावाने ओढली की धाव संपते) कोणी न ओढता गळून पडला, दुसरा कमरेला आहे. डाउन, म्हणजे चाल तिथेच संपली, की खेळ चालू? पत्रकात नियम ११: फ्लॅग पट्ट्यापासून सुटला की बॉल मृत. नियम १४: फ्लॅग नसलेल्या खेळाडूला एका हाताने स्पर्श झाला की डाउन. पंचकाकांनी १४ लावला. आम्ही म्हणतो ११.

प्रेषक: कोथरूड कप्तान

ताई, ११ बचावाच्या विभागात आहे, म्हणजे ओढलेल्या फ्लॅगसाठी. पडलेल्याला १४. शिवाय दुसरा फ्लॅग जागेवर होता. तो ओढायला तुमच्या सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) आठ यार्ड मिळाले, पण ती हात वर करून पंचांकडे बघत राहिली. शिट्टी होईपर्यंत खेळायचं असतं, हे पत्रकात लिहायलाच हवं का?

प्रेषक: नियम समिती, औंध

कृपया ड्राइव्हवरचं पत्रक वाचू नका, ती दुसरी आवृत्ती आहे. तिसरी माझ्याकडे आहे आणि कप्तानांना दिवाळीतच पाठवली होती. अर्थात ११ आणि १४ दोन्ही आवृत्त्यांत आहेत, त्यामुळे भांडण तेच.

दोन्ही नियम दोन ठिकाणांहून आले आहेत, म्हणून ते एकमेकांना ओळखत नाहीत. ५ विरुद्ध ५ च्या बहुतेक स्पर्धांमध्ये आता फ्लॅग नसलेलीच्या हातात बॉल आला की खेळ तिथेच थांबतो. एका हाताच्या स्पर्शाचा नियम जुना, हौशी सामन्यांतला. आपण पत्रक जुळवताना दोन्ही घेतले.

माझं मत ११ च्या बाजूने, आणि कारण सरळ आहे. स्पर्शाचा नियम ठेवला की सैल पट्टा फायद्याचा होतो. बचावातली मुलगी कमरेच्या उंचीला हात घालून फ्लॅग शोधत असते. तो तिथे नाही हे कळेपर्यंत धावणारी दोन पावलं पुढे. मग मागून गाठायचं तर पाठीत तळहात बसतो, आणि पूर्ण वेगातल्या मुलीला पाठीत एवढंसंही लागलं तरी ती तोंडावर पडते. ज्या खेळात ब्लॉकसुद्धा (अंगाने अडवणं) नाही, त्यात नियमानेच ढकलाढकली आणायची का?

उलट फ्लॅग पडला तिथेच डाउन म्हटलं की सैल पट्ट्याचा तोटा पट्टावालीलाच. पुढच्या डाउनला (चालीला) ती स्वतःच आवळून येईल. एक पडला, दोन पडले, फरक करू नये. स्नॅपच्या वेळी (बॉल मागे देऊन चाल सुरू होते तेव्हा) दोन्ही हवेत, तसेच धावतानाही दोन्ही हवेत.

प्रेषक: एडिसन

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आमच्या रविवारच्या खेळात स्पर्शच चालतो आणि कुणाची तक्रार नाही. पुण्यात सगळ्याचं एवढं शास्त्र का होतं? आणि तिकडे तीन फ्लॅगचे पट्टे का वापरत नाही? मागचा तिसरा फ्लॅग पाठलागात सगळ्यात सोपा.

प्रेषक: सहकारनगर कप्तान

एडिसन ताई, तिसरा फ्लॅग वेणीखाली जातो. आंतरराष्ट्रीय नियमांतही दोनच असतात, दोन्ही बाजूंना एकेक.

निकालावर मी बोलत नाही, आमचा संबंध आहे. पण फ्लॅग पडतात का, यावर कोणीच बोललेलं नाही. आपल्याकडे दोन जातीचे पट्टे आहेत. वेल्क्रोचे आपण शिवून घेतले. त्यांच्या आकड्यांच्या बाजूत गवत, माती आणि टी-शर्टचा धागा अडकतो, पकड निम्मी होते आणि नुसत्या मांडीच्या धक्क्याने फ्लॅग निघतो. उपाय फुकट आहे: जुना टूथब्रश, कोरडाच, प्रत्येक सामन्यानंतर. धुवायचे असतील तर वेल्क्रो बंद करून धुवा, नाहीतर बादलीतला सगळा कचरा त्यातच बसतो.

दुसरे सॉकेटचे, ओढला की टप्प आवाज येतो ते. पंचांना ऐकू येतं म्हणून तेच बरे. त्यात तोंड झिजतं. झिजलेलं सॉकेट डोळ्यांना कळत नाही, म्हणून पट्टा हातात आडवा धरून फ्लॅगला भरलेली एक लिटरची बाटली सुतळीने टांगा आणि दोनदा हलवा. सुटला तर ते सॉकेट बाद. आणि सॉकेटचं तोंड बाहेर हवं. पट्टा पिळला की तोंड कमरेकडे वळतं. मग फ्लॅग ओढला तर निघत नाही, आणि न ओढता निघतो.

कोथरूडचा तो पट्टा वेल्क्रोचा होता, एवढंच नोंदवते.

प्रेषक: कोथरूड कप्तान

वेल्क्रोचे पट्टे लीगने दिले, आम्ही घरून आणले नाहीत.

प्रेषक: सनीवेल, कॅलिफोर्निया

बाटली कशाला? मंडळातल्या प्रत्येकीच्या घरी बॅग मोजायचा हुकवाला काटा आहे. फ्लॅगला लावा, ओढा, किती किलोला सुटला ते लिहा. सगळे फ्लॅग साधारण सारख्या जोराला सुटायला हवेत. त्यात जे फार लवकर सुटतात ते काढायचे, आणि जे फार उशिरा सुटतात तेही. न निघणारा फ्लॅग म्हणजे ओढणारीची बोटं दुखावणार.

जाता जाता: हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. सगळ्यांनी त्यातलं क्रिकेट तेवढं वाचलं. आणि २०२२ च्या जागतिक क्रीडा स्पर्धेत मेक्सिकोच्या बायकांनी अमेरिकेला ३९-६ ने हरवलं होतं, तेव्हा 'अमेरिकेत असं करतात' हे वाक्य जरा जपून.

प्रेषक: मैदान व्यवस्था

काट्याचं तुम्ही बघा. फ्लॅग कुठे पडला याचा वाद तेव्हाच मिटेल, जेव्हा रेषा दिसतील. गेल्या वेळी पाच यार्डांची रेषा दुसऱ्या सामन्यापर्यंत पुसली गेली होती. सकाळी सातला गवतावर दव असतं, ओल्यावर फक्की मारली की बुटाला चिकटून जाते. रविवारसाठी आदल्या संध्याकाळी कोरड्यावर एक हात आणि सकाळी फक्त कोपरे. फक्की पांढऱ्या दगडाचीच आणा. स्वस्त म्हणून कळीचा चुना कोणी आणू नका. ओल्या गवतावर पडलेला हात डोळ्याला लागला की काय होतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मापं परत देते, कारण दर वेळी कोणीतरी पावलांनी मोजतं. लांबी ७० यार्ड म्हणजे ६४ मीटर, त्यात दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन (टचडाउन होतो ते पट्टे). रुंदी २५ यार्ड, २२.८६ मीटर. गोल रेषेपासून ५, २०, २५, ३०, ४५ यार्डांवर आडव्या रेषा. २५ ची मधली, बाकीच्या धाव-बंदीच्या (तिथून पुढे बॉल फेकूनच खेळायचं). कोपरा काटकोनात आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ६८ मीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके आले पाहिजेत. टेप ५० मीटरचाच आहे, तेव्हा सुतळी लावा आणि ती ताणा. झोळ पडला की मैदान समांतरभुज चौकोन होतं. मैदान दक्षिणोत्तर आखायचं, नाहीतर पहिल्या सामन्यात एका संघाच्या डोळ्यांत ऊन.

प्रेषक: एडिसन

२० आणि ३० दोन्ही कशाला? मधल्या रेषेच्या अलीकडची एक पुरे.

प्रेषक: मैदान व्यवस्था

दोन्ही संघ एकाच दिशेने खेळत नाहीत.

प्रेषक: पंचकाका

सर्व ताईंना नमस्कार. निर्णय माझा होता, तो पत्रकाप्रमाणे होता, त्यावर वाद घालत नाही. पुढचं सांगतो.

स्पर्शाचा नियम एका पंचाला राबवता येत नाही. मी क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणारीच्या) मागे असतो, रशर (तिच्यावर धावून जाणारा बचावपटू) सात यार्डांवरून निघाला की नाही ते बघतो, मग बॉल जातो वीस यार्ड लांब. तिथे हात लागला की नाही हे मला मागून दिसत नाही. लागला म्हणून पाच जणी ओरडतात, नाही म्हणून पाच. जमिनीवर पडलेला फ्लॅग मात्र दिसतो आणि तो खोटं बोलत नाही. तो पडला तिथेच बॉल ठेवायचा. फ्लॅग उचलून हातात मिरवायचा नाही, कोणीच. आपल्याकडे सवय आहे फ्लॅग वर धरून धावत यायची, त्यात जागा हरवते. ओढणारीने जागेवर थांबून हात वर करावा.

अट एकच. दुसरा पंच द्या, बाजूच्या रेषेवर, बचावाच्या मागे. आणि वाळू भरलेल्या दोन कापडी पिशव्या, लाल आणि निळी, जागा खुणावायला.

प्रेषक: कोथरूड कप्तान

काका, मान्य. पण समितीचा '११ सगळ्यांना' हा तोडगा अर्धा आहे. रिसीव्हर बॉलची वाट बघत वर बघते, बचावातली तिचा फ्लॅग आधीच काढते, मग बॉल हातात येतो. समितीच्या हिशोबाने तिथेच डाउन. म्हणजे मोकळी रिसीव्हर दिसली की आधी फ्लॅग उपटा आणि वीस यार्ड वाचवा. दंड आहे पाच यार्डांचा. पाच देऊन वीस वाचत असतील तर प्रत्येक संघ तेच करेल. आम्हीसुद्धा.

दुसरं, क्वार्टरबॅक उभी असताना तिचा फ्लॅग गळला तर? आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये गळला तर बचावाला दोन गुण? पट्टा लीगचा, गुण त्यांचे!

प्रेषक: बाणेर कप्तान

रिसीव्हरचा मुद्दा बरोबर आहे. (बाकीचा नाही.)

प्रेषक: खजिनदार

या धाग्यात दुसरा पंच आला, पिशव्या आल्या, नवे पट्टे येणारच. वर्गणी तीच आहे. पिशव्या घरी शिवा. पट्टे मी रविवार पेठेत बोहरी आळीत बघून येईन, पण नुसतं वेल्क्रो आणि निवार मिळेल, सॉकेट तिथे मिळत नाहीत. सॉकेटचे सध्या आपल्याकडे बारा धड आहेत. एका सामन्याला मैदानावर दहा लागतात, म्हणजे दोन राखीव. पुरे.

प्रेषक: नियम समिती, औंध

कोथरूड ताईंचा रिसीव्हरचा मुद्दा घेतला. तो सुटल्याशिवाय ११ उभा राहत नाही, आणि तिथेच १४ ची खरी जागा आहे. नवा मजकूर असा:

'११. बॉल हातात असलेल्या खेळाडूचा कोणताही एक फ्लॅग कोणत्याही कारणाने सुटला तर बॉल मृत. फ्लॅग जिथे पडला तिथे पुढचा डाउन.

१४. खेळाडूच्या हातात बॉल येण्याआधी प्रतिस्पर्ध्याने तिचा फ्लॅग काढला तर तो अपराध. तिने बॉल झेलला तर खेळ चालू राहील आणि एका हाताच्या स्पर्शाने डाउन होईल. त्यानंतर आक्रमक संघाने निवडावं: झालेली प्रगती, किंवा आधीच्या रेषेपासून १० यार्ड आणि नवा पहिला डाउन (चाली पुन्हा पहिलीपासून).'

म्हणजे स्पर्श फक्त तिथे, जिथे फ्लॅग दुसऱ्याने पळवला. आधी फ्लॅग उपटण्यात कोणालाच फायदा राहत नाही. पंचांना हे दिसेल का? हो, कारण दुसरा पंच बचावाच्या मागेच असेल. काका, पिशव्या मान्य.

क्वार्टरबॅक: होय, डाउन, आणि जागा तीच. एंड झोन: होय, दोन गुण. सवलत द्यायला गेलो की 'माझा आपोआप पडला' हे रोज ऐकू येईल. त्याऐवजी स्नॅपआधी सेंटरने (बॉल मागे देणारीने) मागे वळून दोन्ही फ्लॅग मोजायचे, पाच जणींचे दहा. तीन सेकंदांचं काम आहे. पट्ट्याचं लोंबतं टोक आत खोचलेलं असावं; ते फ्लॅग समजून ओढलं की सगळा पट्टाच येतो.

कपड्यांचा नियम ६ आहे तोच, पण पाळा. टी-शर्ट आत खोचा, निदान रविवारी तरी. खिसे नकोत; खिशात बोट अडकलं की मोडतं. खिसेवाली ट्रॅकपँट असेल तर खिशाच्या तोंडावर कापडी टेप. वेणीचा अंबाडा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, टेप लावून चालणार नाही. फ्लॅगच्या रंगाची पँट नको, यावरून सहकारनगरला एकदा सांगून झालंय.

झालेल्या सामन्याला नवा नियम लागणार नाही. त्या दिवशीच्या पत्रकाप्रमाणे पंचांचा निर्णय कायम, १९-१८. बाणेर ताई, नाराजी समजते.

प्रेषक: बाणेर कप्तान

नियम आमचा धरायचा आणि गुण त्यांचे ठेवायचे. ठीक. ११ ला आमचं मत 'हो'. दुसरा पंच आम्ही देतो, आता मोकळ्याच आहोत.

प्रेषक: सहकारनगर कप्तान

'हो'. धन्यवाद ताई. पण उपांत्य सामना आमचा आहे, बाजूच्या रेषेवर बाणेर नको. औंधमधून कोणी द्या.

प्रेषक: एडिसन

टेपने खिसे बंद करायचे असतील तर घाम आल्यावर साधी टेप सुटते. खेळाडू बोटांना लावतात ती सुती टेप घ्या.

प्रेषक: खजिनदार

ती टेप महाग आहे. दोन टाके घाला.