मदत हवी आहे : स्टेनलेस स्टीलचे फ्रेट, रोस्टेड मेपलचा नेक, लॉकिंग ट्यूनर यांतले खरोखर उपयोगी काय?

नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि गेली अठरा वर्षे एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई मिळून वर्षाला तीस-पस्तीस कार्यक्रम होतात. आता नवी गिटार घ्यायची आहे. सत्तर हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, परंतु त्यानंतर पुढची पंधरा वर्षे दुसरी घेणे होणार नाही. त्यामुळे हल्लीच्या गिटारींची जी वैशिष्ट्ये जाहिरातीत सांगितली जातात, त्यांतली कोणती रोजच्या वाजवण्यात खरोखर जाणवतात, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचे आहे.

माझी सध्याची गिटार जुन्या पद्धतीची आहे : तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारे, एकाच गुंडाळीचे), मेपलचा नेक म्हणजे मान, त्यावर शिसवी फ्रेटबोर्ड (धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट बसवलेली फळी) आणि त्या फळीला सव्वासात इंच त्रिज्येची गोलाई. तिच्या आवाजावर माझे मनापासून प्रेम आहे. अडचण आहे ती नेकची. कामावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी असल्यामुळे मला मोजून पाहण्याची सवय लागली आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधली फट मोजायची. मे महिन्यात ही फट मी पाव मिलिमीटरवर आणून ठेवतो. ऑगस्टमध्ये, पावसाची झड लागलेली असताना, तीच फट ०.४० भरते, आणि नेमका तेव्हाच गणपतीचा हंगाम तोंडावर आलेला असतो. पुढे डिसेंबरात निफाडकडची थंडी शहरात उतरली, हवा कोरडी झाली, की फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके नेकच्या कडेबाहेर येऊन डाव्या हाताच्या बोटांना करवतीसारखी लागतात. दर वर्षी दोनदा ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक सुधारणारी सळई, फिरवावा लागतो.

म्हणून रोस्टेड मेपलविषयी उत्सुकता आहे. लाकूड जवळजवळ प्राणवायू नसलेल्या भट्टीत तापवून त्यातला ओलावा घालवतात आणि नंतर ते हवेतला दमटपणा कमी शोषते, हे तत्त्व मला पटते. परंतु नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे एकाच वर्षात इतका ओला पावसाळा आणि इतका कोरडा हिवाळा असतो, तिथे असा नेक कोणी दोन-तीन वर्षे वापरला आहे का? फक्त रंग बदामी दिसतो म्हणून पैसे मोजायचे नाहीत.

दुसरा प्रश्न फ्रेटचा. आपल्या गाण्यांत मींड सतत लागते. सतारीची किंवा सनईची जागा गिटारवर घ्यायची तर तार एक ते दीड स्वर ओढावी लागते, आणि अठरा वर्षांच्या या ओढाताणीने पाचव्या ते नवव्या फ्रेटवर दुसऱ्या व तिसऱ्या तारेखाली नखाला लागतील असे खड्डे पडले आहेत. एकदा फ्रेट घासून समतल करून घेतले. आता पुन्हा घासण्याइतकी उंची उरलेली नाही. नेहमीचे फ्रेट ज्या ‘निकेल सिल्व्हर’चे असतात त्यात चांदी अजिबात नसते, ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते, आणि स्टेनलेस स्टीलपेक्षा ते बरेच मऊ. स्टीलचे फ्रेट जास्त टिकतील यात शंका नाही. मला विचारायचे आहे ते आवाजाविषयी : तो काहीसा कडक, तीक्ष्ण होतो असे काही जण म्हणतात, ते तुम्हाला जाणवले का? शिवाय माझ्या गिटारच्या गोलाईमुळे बाराव्या फ्रेटच्या वर तार ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. दहा ते चौदा किंवा बारा ते सोळा इंच अशी वर सपाट होत जाणारी गोलाई असेल तर हे थांबते का?

पिकअपबद्दल थोडक्यात. मंडपात दिव्यांचे डिमर आणि जनरेटर जवळ असले की सिंगल कॉइलची घरघर थेट ध्वनिक्षेपकातून ऐकू येते. म्हणून ब्रिजपाशी (तारांचे खालचे टोक बसते तिथे) हंबकर, म्हणजे घरघर घालवणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी रचना हवी आहे. हंबकर दोन भागांत तोडण्याची सोय, म्हणजे कॉइल स्प्लिट, कार्यक्रमात प्रत्यक्ष वापरली जाते का, की ती नुसती कागदावर चांगली दिसते?

फ्लॉइड रोझ ब्रिज (स्प्रिंगांवर तरंगणारा) मात्र मला नको आहे. दोन वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका मंडळात मित्राची तशी गिटार घेऊन बसलो होतो. दुसऱ्या अंतऱ्यात पहिली तार तुटली, तिचा ताण गेल्यामुळे मागच्या स्प्रिंगांनी ब्रिज ओढून घेतला आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढ्या झाल्या. गायिका समोर गात होती आणि माझ्याकडे एकही सूर जागेवर नव्हता. ते पूर्ण गाणे मी हात तारांवर ठेवून नुसता बसून राहिलो. तो प्रसंग मला पुन्हा नको आहे.

जाणकारांनी कृपया अनुभव सांगावेत.

प्रतिसाद १

नमस्कार दादा. मी नाशिक रोडला राहतो आणि गिटारींचे सेटअप करतो. माझ्याकडे रोस्टेड मेपल नेकची गिटार चौथ्या पावसाळ्यात आहे. नेक अजिबात हलत नाही असे म्हणणार नाही. ट्रस रॉडला वर्षातून एकदा अष्टमांश फेरा द्यावा लागतो. फ्रेटची टोके मात्र एकदाही बाहेर आलेली नाहीत. हा फरक मोठा आहे, कारण बाक ट्रस रॉडने सुधारता येतो, बाहेर आलेली टोके कानशीने घासावी लागतात.

स्टीलच्या फ्रेटमुळे ॲम्पमधून येणाऱ्या आवाजात मला फरक ऐकू आला नाही. हाताला मात्र लगेच जाणवतो. तार काचेवरून सरकावी तशी आडवी सरकते आणि मींड घेताना खरखर होत नाही. तुमच्या वाजवण्यासाठी याच एका गोष्टीवर मी सर्वांत आधी पैसे खर्च करीन. चपट्या गोलाईचाही तुम्हाला नक्की उपयोग होईल, सूर मरण्याचे मुख्य कारण तुमच्या फ्रेटबोर्डची जास्त गोलाई हेच आहे.

लॉकिंग ट्यूनरविषयी एक गैरसमज दूर करतो. त्यांनी तार बदलणे फार सोपे होते, कारण तार खुंटीतल्या खिळीने दाबली जाते आणि खुंटीला एक वेढाही पुरतो. परंतु सूर उतरण्याचे कारण बहुतेक वेळा नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत तार अडकणे हे असते. नट नीट कापलेला नसेल तर महागडे ट्यूनरही काही करू शकत नाहीत.

प्रतिसाद २

कॉइल स्प्लिट मी दर कार्यक्रमात वापरतो, परंतु दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हंबकरच्या दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध असतात म्हणून घरघर नाहीशी होते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच युक्तीसाठी. एक गुंडाळी बंद केली की आवाज हलका होतो आणि घरघर परत येते. डिमरच्या मंडपात यावर मार्ग म्हणजे पिकअप निवडण्याच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा, जिथे मधला पिकअप शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर तिथे घरघर जाते आणि आवाजही सिंगल कॉइलचाच राहतो. या जागा मूळ रचनेत नव्हत्याच. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारला तीन जागांचा स्विच होता, वादक तो दोन जागांच्या मध्येच अडकवून ठेवत, आणि १९७७ पासून पाच जागांचा स्विच मिळू लागला.

यामाहा पॅसिफिका ६१२ आणि आयबानेझची एझेड मालिका या दोन्ही हातात घेऊन पाहाव्यात. आपल्याला हवी ती पिकअपची रचना दोन्हींत मिळते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नटचा मुद्दा वाचल्यावर काल रात्री जुनी गिटार काढून पाहिली. तिसरी तार एक स्वर ओढून सोडली की ती किंचित उतरलेली राहते आणि नटपाशी बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. इतकी वर्षे मी दोष ट्यूनरला देत होतो. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यावर तो आवाज थांबला आहे.

त्यामुळे आता लॉकिंग ट्यूनर यादीत शेवटी गेले आणि स्टीलचे फ्रेट, चपटी गोलाई व रोस्टेड नेक याच क्रमाने शोध घेणार आहे. नाशिक रोडच्या मित्रांना एक विनंती : आपली गिटार अर्धा तास वाजवून पाहता येईल का? सध्या पाऊस सुरू आहे, म्हणजे नेक पाहण्यासाठी हीच योग्य वेळ आहे. येताना फीलर गेज घेऊन येईन.