नामपृष्ठ गेलेलं जुनं पुस्तक: साल कसं काढायचं, आणि घ्यावं का?

ढिगातला_वाचक
जुन्या पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकांचे ढीग असतात, पण पुष्कळांची पहिली दोन-चार पानंच गेलेली असतात. साल नाही, आवृत्ती नाही. दुकानात उभ्याउभ्या काळ कसा ठरवायचा? आतली पानं पुरी आहेत का आणि कीड आहे का, हे पटकन कसं बघायचं?

खिळाछाप
आधी किंमत शोधा. मलपृष्ठावर नसली तर शेवटी त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती असतात, तिथे सापडते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक साधारण त्याआधीचं, वर्षभर इकडेतिकडे धरा. 'न. पै.' (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून 'नवे' गळून नुसते पैसे राहिले.

मग पत्ता. सहा आकडी पिन दिसला की पुस्तक ऑगस्ट १९७२ नंतरचंच. नुसतं 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर बहुधा आधीचं, पण इथे 'बहुधा'च म्हणायचं, कारण सवयीने तसा पत्ता नंतरही छापला जायचा.

प्रस्तावना उरली असेल तर तिच्या शेवटी तिथी आणि शक असतो. शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. म्हणजे माघ शके १८५२ हे १९३१. एकापेक्षा जास्त प्रस्तावना असतील तर सगळ्यांत अलीकडची धरा.

'घरांत', 'नाहीं', 'कीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सगळीकडे असतील तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी जुळवलेला असण्याची शक्यता मोठी.

बोटांनी_वाचा
अनुस्वारांवरून मजकुराचं वय कळतं, प्रतीचं नाही. जुन्या आवृत्तीचे फोटो काढून ऑफसेटवर पुनर्मुद्रण केलं की जुने अनुस्वार जसेच्या तसे येतात. म्हणून पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी दाबून केलेली छपाई असेल तर अक्षरांचा दाब मागे उमटलेला असतो, तिरक्या उजेडात बारीक उंचवटे दिसतात. ऑफसेटचं पान सपाट लागतं. शिळाछापही (दगडावरून केलेली छपाई) सपाटच असते, पण तिथे अक्षर हाताने लिहिलेलं असल्यामुळे एकच अक्षर दर वेळी थोडं वेगळं दिसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

किमतीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असेल तर पान उजेडासमोर धरा. खालची मूळ किंमत दिसते, आणि काळ तिच्यावरूनच ठरवायचा.

बांधणीकाम
पानं पुरी आहेत का, हे एकेक पान मोजून बघायची गरज नाही. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत शिवलेलं असतं, फर्मा बहुधा १६ पानांचा. त्यामुळे पान १७, ३३, ४९, ६५ असे सांधे बघत जा. पुष्कळ जुन्या पुस्तकांत तिथे तळाशी बारीक अक्षरांत फर्म्याचा आकडाही असतो. ४८ नंतर थेट ६५ आलं तर अख्खा फर्मा गळलाय. कधी एकच फर्मा दोनदा बांधलेला असतो आणि पुढचा नसतो, तेव्हा पुस्तकाची जाडी बरोबर वाटते आणि माणूस फसतो.

आर्ट पेपरवरच्या चित्रांना बहुधा पृष्ठांक नसतात, म्हणून चित्रसूचीशी ताडून बघा. शिवणीजवळ कापलेल्या कागदाची अरुंद कड उरली असेल तर चित्र कोणीतरी ब्लेडने काढलंय. ओल लागून आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. त्यावरचा मातीचा लेप सुटतो आणि छपाई लेपाबरोबर जाते. असं पुस्तक चित्रांसाठी घेऊच नये.

कीड बघायला पुस्तक पांढऱ्या कागदावर उभं धरून पुठ्ठ्यावर हलकेच टिचकी मारा. गोल भोकांतून ताजी पिठासारखी भुकटी पडली तर अळी जिवंत आहे. कसरीचं (चंदेरी, बिनपंखी किड्याचं) काम वेगळं: ती कागदाचा वरचा पापुद्रा आणि पुठ्ठ्यावरची खळ खरवडते, आरपार गोल भोक पाडत नाही.

ढिगातला_वाचक
भुकटी पडली पण पुस्तक दुर्मीळ असेल तर? घरी ऊन दाखवलं तर चालेल का?

बांधणीकाम
उन्हात ठेवू नका. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो आणि आतली अळी मरतेच असं नाही. पुस्तक कोरडं आहे याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. थंड पुस्तकाला बाहेरची हवा लागली की पानांवर दव धरतं आणि बुरशीची सोय होते. नंतर मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर झाडा.

आणि सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू कागद, एवढ्यावर भागतं.

बोटांनी_वाचा
एक राहिलं. वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर 'बाद' किंवा 'रद्द' असा शिक्काही शोधा. शिक्का नामपृष्ठाशिवाय आतल्या एखाद्या ठरावीक पानावरही मारलेला असतो, त्यामुळे पहिली पानं गेली तरी तो सापडतो. 'बाद' नसेल आणि ते वाचनालय चालू असेल तर पैसे देण्याआधी तिथे विचारा. पहिली पानं गेली नसून मुद्दाम काढलेली असू शकतात.