नीटच्या तोंडावर लेकीचं जागरण कसं थांबवू?

सोलापूरच्या पूर्वभागातली आई: लेक मेमध्ये नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देणार. रात्री दोन-अडीचपर्यंत जागते, सहाला पुन्हा उठते. परवा तिचा सराव पेपर पाहिला. गणितं अचूक सोडवलेली, पण ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर एक ओळ सुटली आणि पुढची सगळी उत्तरं खाली सरकली. येत असून गुण गेले, फार जीव तुटतो. "झोप" म्हटलं की रडते. शेजारी रात्रपाळीचे माग चालू, त्यात हा उकाडा. काय करू?

बायोलॉजीचे सर, जुळे सोलापूर: ताई, तिला सांगा, वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. या वयाला आठ तास तरी हवेतच. झोप तुटली की आधी लक्ष ढळतं, ओळ सुटते ती त्यामुळेच. नीटला १८० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. शिवाय पेपर दुपारी २ चा! आपल्याकडच्या मेमध्ये त्या वेळी झोप झालेल्यालाही पेंग येते.

एमबीबीएसचा विद्यार्थी: काकू, संध्याकाळनंतर चहा बंद करा. पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. आणि आदल्या रात्री डोळा लागला नाही तरी घाबरू देऊ नका, आधीच्या आठवड्याची झोप कामी येते.

पूर्वभागातली आई: आजपासून दोघी गच्चीवर झोपतो, तिथे वारा तरी असतो. दुपारची डुलकी चालेल का?

बायोलॉजीचे सर: वीस मिनिटं, तीही जेवल्यावर लगेच. २ ते ५ रोज पेपरच सोडवू दे.